गोधडीच्या पोटात काय?

गोधडी हातात घेतली की आपण तिचं वरचं अंग पाहतो. काठ कसा आहे, ठिगळांचे रंग कसे जुळवलेत, टाके किती बारीक आणि सरळ आहेत... कौतुक सगळं त्याचंच. मधे काय घातलंय हे सहसा कुणी विचारत नाही, कारण ते दिसतच नाही. पण ऊब येते ती मधल्या थरातून. आणि माझं तर आता असं मत झालंय की घराची खरी हकीकतही त्या मधल्या थरातच असते.

विषय निघाला तो असा. पुण्याला असणाऱ्या माझ्या पुतणीला जेवणाच्या टेबलावर अंथरायला गोधडीच्या टाक्यांचं टेबलक्लॉथ करायचं आहे. माझ्या सासूबाईंची, म्हणजे तिच्या आजीची, एक गोधडी तिच्याकडे आहे. पाहुण्यांसाठी म्हणून ती ट्रंकेत राहिली, त्यामुळे वरचं इरकली लुगडं अजून धड आहे. ते लुगडं उसवून वर घ्यायचं, आतलं 'चिंध्यांचं बोचकं' टाकून द्यायचं आणि मधे नवीन भरण घालायचं असा तिचा बेत. दुकानदाराने तिला फायबरचं फुगीर भरण दाखवलं, कापसाचं दाबलेलं पातळ भरण दाखवलं, आणि पिंजलेला कापूसही आणून देतो म्हणाला. "काकू, यातलं कुठलं घेऊ?" एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण जन्मभर इतिहास शिकवल्यावर दोन ओळींत उत्तर देण्याची सवय कुठली राहायला!

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. रजई आणि गोधडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही पांघरायच्या, दोन्ही टाक्यांच्या, म्हणून आपण त्यांची गल्लत करतो. रजईत (जुनी माणसं 'लेप' म्हणत) पिंजलेला कापूस असतो. गोधडीत असतं जुनं कापड. रजई करायला पिंजारी लागतो, गोधडीला घरातली बाई आणि एक सुई पुरते. रजई धुता येत नाही, कारण पाण्यात कापसाचे गोळे होतात. तिला उन्हं दाखवायची आणि काही वर्षांनी उसवून कापूस पुन्हा पिंजून घ्यायचा. गोधडी मात्र नदीवर नेऊन आपटून धुतात. पश्चिम महाराष्ट्रात हिलाच वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी, बंगालमध्ये कांथा. तान्ह्या बाळाचं दुपटं हे तिचंच लहान रूप. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका अशाच गोधड्या शिवतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाचं एकेक 'फूल' लावतात. आफ्रिकेतून आलेल्या लोकांच्या त्या वंशज, पण मधला थर तोच, घरातलं जुनं कापड.

आता मजा बघा. आपला हा सगळा मुलूख कापसाचा आहे, आणि तोही आजकालचा नव्हे. नेवाशाला डॉ. सांकलियांच्या देखरेखीखाली १९५०च्या दशकात उत्खनन सुरू झालं, तिथे ताम्रपाषाण काळातले तांब्याचे मणी सापडले. ते ज्या दोऱ्यात ओवले होते त्याचे अवशेष मण्यांमध्ये टिकून होते आणि तपासणीत त्यात कापूस निघाला. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात कापसाचा दोरा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक आहे. त्यात आपलं पैठण आणि तेर ही दोन्ही गावं येतात. तेरहून साधं जाडंभरडं कापड आणि तलम वस्त्रंही गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात, असं तो नोंदवतो. पैठण आमच्या अंबड तालुक्याच्या शेजारी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांमध्ये सरकी काढायचं साधन हाताळणारी बाई अभ्यासकांनी ओळखली आहे. सरकी काढायची, कापूस पिंजायचा, सूत काढायचं, विणायचं, हे सगळं आपल्या दारात होत होतं.

मग अशा कापसाच्या मुलखात गोधडीत कापूस का नाही?

त्यासाठी आधी पिंजाऱ्याकडे जावं लागेल. नव्या पिढीने तो पाहिला नसेल म्हणून थोडं सविस्तर लिहिते. दिवाळी सरली की पिंजारी गावात यायचा. खांद्यावर माणसाएवढी मोठी धनुकली, तिला ताणून बांधलेली आतड्याची तात, आणि हातात तात छेडायचा लाकडी ठोकळा. तात कापसात धरून ठोकळा मारला की टण्ण टण्ण असा आवाज निघे आणि कापूस हवेत उडे. त्या आवाजावरून आम्हा पोरांना लांबूनच कळायचं. कापसाच्या चिकटलेल्या गुठळ्या त्या थरथरीने सुटतात, तंतू मोकळे होतात आणि त्यांच्यामध्ये हवा शिरते. ऊब त्या अडकलेल्या हवेची असते, कापूस फक्त तिला धरून ठेवतो. जयपूरची रजई पाव किलो कापसाची असते असं कौतुकाने सांगतात, त्यातलं मर्म हेच. कापूस जितका बारीक पिंजलेला तितका कमी लागतो. आपल्याकडची साधी एकेरी रजई दोन-अडीच किलोची.

हे काम करणारा समाज बहुतांशी मुसलमान, नद्दाफ किंवा मन्सुरी म्हणवणारा. मन्सुरी हे नाव ते बगदादच्या मन्सूर अल-हल्लाज या सूफी संताशी जोडतात. त्याला इसवी सन ९२२ मध्ये देहदंड दिला गेला. 'हल्लाज' या शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा. आपल्या उत्तर भारतातले संत दादू दयाळ हेही परंपरेने पिंजारी मानले जातात. दिवसभर तात छेडणाऱ्या माणसांमधून दोन एवढे मोठे साधक निघावेत, याचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. असो.

तर रजईला इतक्या गोष्टी लागतात. दोन-अडीच किलो रुई, पिंजाऱ्याची मजुरी, वरचं आणि खालचं नवं कापड, आणि दर काही वर्षांनी पुन्हा पिंजाई. म्हणजे रोख पैसा. आणि शेतकऱ्याच्या घरी रोख पैसा कशातून यायचा? तर त्याच कापसातून! १०० किलो कापूस वेचला की सरकी काढून साधारण ३३ ते ३५ किलो रुई हाती येते. एका रजईसाठी अडीच किलो रुई ठेवायची म्हणजे सात-साडेसात किलो वेचलेला कापूस बाजूला काढायचा. घरात माणसं आठ-दहा. हिशेब करून बघा. त्या कापसावर सावकाराचा डोळा, सरकारी साऱ्याचा डोळा, किराणा दुकानातल्या उधारीचा डोळा. तो घरात पांघरायला ठेवणार कोण?

या गोष्टीला मोठा इतिहास आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले. आमच्या शेजारचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होताच. तिथला कापूस थेट बंदराकडे जाऊ लागला. आम्ही निजामाच्या राज्यात, पण भाव काही सरहद्दीवर अडत नाही. पुढे १९००च्या सुमारास मनमाडपासून हैदराबादकडे जाणारी रेल्वे जालन्यावरून सुरू झाली, आणि मग इथला कापूसही जिनिंग-प्रेसिंगमध्ये गाठी बांधून बाहेर निघाला. कापूस घरचा न राहता बाजारचा झाला तो तेव्हा. मराठवाड्यात तेव्हा 'गावरानी' नावाचा देशी कापूस होता आणि देशी जातींमध्ये तो चांगला समजला जाई. गिरणीला मात्र आणखी लांब धागा हवा होता. म्हणून इंग्रजांनी अमेरिकन बियाणं आणून आपल्या जमिनीत लावायचे प्रयोग एकोणिसाव्या शतकापासूनच चालवले होते.

१९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. मग कापूस सरकारी केंद्रावर घालायचा आणि पैशाची वाट पाहायची. तेच दुष्काळाचं वर्ष. राजवट निजामाची असो, नाहीतर आपली, कापूस दारातून बाहेरच जायचा. घरात काय राहायचं? तर विटलेलं लुगडं, फाटकं धोतर, मुलांचे अंगरखे.

म्हणजे गोधडीच्या पोटात काय घालायचं, हे तिथल्या बाईने आवडीनिवडीने ठरवलेलं नाही. जे विकता येत नाही ते आत गेलं. माझ्या मते गोधडीच्या इतिहासातली मुख्य गोष्ट हीच आहे, आणि कापूस पिकवणाऱ्या घरांना ती जास्तच लागू पडते.

पण म्हणून ती गोधडी कमी प्रतीची असं कुणी समजू नये. जुन्या लुगड्याचा प्रवास आठवून पाहा. नवं लुगडं आधी सणाला, मग बाजारहाटाला, मग रोज शेतात. मधे विरलं की तेवढा भाग काढून दोन धड तुकडे जोडायचे, म्हणजे लुगड्याला दंड घालायचा. दंडाचं लुगडंही विरलं की बाळाचं दुपटं, नाहीतर गोधडीचा थर. आणि गोधडीही फाटली की बैलाच्या अंगावरची झूल, चुलीजवळचं धरणं, शेवटी सारवायचं पोतेरं. पंधरा-वीस वर्षं धुतलेल्या सुती कापडाला जो मऊपणा येतो, तो दुकानातल्या कुठल्याही भरणाला येत नाही. शिवाय ते जितकं आटायचं तितकं आटून गेलेलं असतं, रंग सोडायचा तितका सोडून झालेला असतो. टाके बोटभर अंतरावर, कडेकडेने सुरू करून आत आत जाणारे. त्यामुळे थर हलत नाहीत, सरकत नाहीत. धुवायचं, वाळवायचं, पुन्हा वापरायचं.

एवढं पुतणीला फोनवर सांगून झाल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, आतलं टाकू नकोस. उसव सावकाश, आणि थर मला पाठव." तिने पाठवले. टेबलावर पसरून मी ते पाहिले. वर्गात पाठ घेण्याआधी टिपण काढावं तसंच वाटलं मला.

पहिला थर जाड हातमागाच्या धोतराचा. दुसऱ्यात लुगड्याचे दोन तुकडे, मधे दंडाची शिवण. हाताने घातलेली, अगदी बारीक. तिसरा थर गिरणीच्या मांजरपाटाचा. चौथा म्हणजे चक्क एक उसवलेली कापडी पिशवी होती, तिच्यावर विटून गेलेली इंग्रजी अक्षरं. परदेशी मदतीचं धान्य अशा पिशव्यांतून यायचं ते माझ्या पिढीला आठवत असेल. अमेरिकेशी गव्हाचा करार १९५६ मध्ये झाला, त्यानंतरचा तो काळ. ७२च्या दुष्काळात कामावरच्या मजुरांना सुकडी मिळायची, तीही मी पाहिली आहे. आणि एका कोपऱ्यात, जिथे मांजरपाट अपुरा पडला असणार, तिथे निळ्या नायलॉनच्या साडीचा एक हातभर तुकडा.

इतिहासात एक साधा नियम असतो. थरात सापडलेली सर्वांत नवी वस्तू त्या थराचं वय सांगते. मातीच्या थरात राणीच्या छापाचं नाणं निघालं तर तो थर राणीच्या आधीचा असू शकत नाही. तसंच इथे. धोतर कितीही जुनं असलं तरी नायलॉनची साडी घरात आल्यावरच ही गोधडी शिवली गेली. वरच्या इरकलीकडे पाहून कुणी तिला स्वातंत्र्याच्या आधीची म्हटलं असतं. मधल्या थराने ते खोडून काढलं.

अमेरिकेतही असाच एक वाद आहे. तिकडच्या जुन्या रजया उजेडासमोर धरल्या की कापसात सरकीचे काळे ठिपके दिसतात. एली व्हिटनेने सरकी काढायचं यंत्र १७९३ मध्ये केलं, तेव्हा सरकी दिसली की रजई त्याआधीची, असा तिथे लोकांचा समज होता. अभ्यासकांनी तो चुकीचा ठरवला. कारण यंत्र आल्यानंतरही कमी प्रतीच्या कापसात सरकी राहतच होती आणि स्वस्त भरण तेच होतं. तिथे १८४६ मध्ये सिनसिनाटी शहरात कापसाच्या तयार गाद्या, म्हणजे रजईत घालायच्या लांबरुंद लाद्या करणारा कारखाना निघाला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पॉलिएस्टरचं भरण आलं. ते हलकं, फुगीर, धुतलं तरी गोळे न होणारं, आणि एक-दोन पिढ्यांत त्याने कापसाला बरंच मागे सारलं. म्हणजे आज पुण्याच्या दुकानात पुतणीपुढे जे प्रकार ठेवले गेले, त्यांच्यामागे पावणेदोनशे वर्षांचा तिकडचा बाजार आहे.

आपल्याकडे मधल्या काळात दोन गोष्टी एकदम बदलल्या. एक, कापूस. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात जवळजवळ सगळा कापूस देशी वाणांचा होता. १९७० मध्ये सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस दिला, व्यापारी लागवडीचा जगातला पहिला. पुढे नांदेडच्या संशोधन केंद्रातून एनएचएच-४४ आला आणि तो मराठवाडाभर पसरला. आमच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणं कंपनी काढली, १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा पहिले तीन वाण महिकोचेच होते. आज शेतात जवळपास सगळा बीटी आहे. त्याचा धागा लांब, बारीक, गिरणीला हवा तसा. देशी कापसाचा धागा आखूड आणि जाड. सुतासाठी तो मागे पडला, पण जाड तंतू दाबला तरी लवकर चेपत नाही, म्हणून गादी-रजईत तोच चांगला, आणि दवाखान्यात लागणाऱ्या कापसासाठीही त्याला मागणी असते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब धाग्याचे देशी वाणही काढले आहेत, पण शेतात ते शोधावे लागतात. थोडक्यात काय, दीडशे वर्षं सगळी निवड गिरणीच्या सोयीने झाली. पांघरुणाला कुठला कापूस बरा हे कुणी विचारलं नाही. आता गादीवाल्याकडे बऱ्याचदा गिरणीतलं उरलंसुरलं, नाहीतर जुने होजिअरीचे कपडे फाडून केलेलं भरण असतं.

दुसरी गोष्ट कापड. १९७० नंतर हळूहळू धोतरं कमी झाली, नऊवारी जाऊन सहावारी आली आणि सुती जाऊन नायलॉन, टेरिकॉट, पॉलिएस्टर आलं. लवकर वाळतं, इस्त्री लागत नाही, वर्षानुवर्षं फाटत नाही. बायकांचे किती कष्ट वाचले! मी स्वतः शाळेत त्याच साड्या नेसून गेले, त्यामुळे त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्याच साड्या गोधडीत गेल्या आणि गोधडी बदलली. ती जड झाली, सुळसुळीत झाली, घाम टिपेना. आजच्या बहुतेक गोधड्यांच्या पोटात हेच कापड आहे.

आता टेबलक्लॉथचं. मी तिला जे सांगितलं ते इथेही लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

टेबलावर ऊब नको, सपाटपणा हवा. भरण फुगीर असलं तर पाण्याचा पेला डुगडुगतो. म्हणून पिंजलेला कापूस बाद. शिवाय टेबलक्लॉथवर वरण सांडणार, हळदीचे डाग पडणार, ते वरचेवर धुवावं लागणार, आणि मोकळा कापूस धुण्याला टिकत नाही. फायबरचं भरण धुता येतं, पण ते फुगीर आणि उष्णतेला भितं. गॅसवरून उतरवलेलं पातेलं वर ठेवलं तर ते आत आकसतं, वितळतंही. (निळ्या नायलॉनचा तो तुकडाही याच कारणासाठी मधून काढायला सांगितला. जपून ठेव म्हटलं, पण वेगळा.) कापसाचं दाबलेलं पातळ भरण चांगलं, मात्र ते आधी भिजवून वाळवून घ्यायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात आतलं आटतं, वरचं नाही, आणि सगळीकडे सुरकुत्या पडतात.

आणि सगळ्यात चांगलं, घरातलं जुनं सुती कापड. हिशेब सोपा आहे. नऊवारी म्हणजे २७ फूट लांब आणि साधारण पावणेचार फूट रुंद. सहा फुटी टेबलाचे त्यातून चार पन्हे निघतात. टेबलक्लॉथला मधे दोनच थर पुरतात. म्हणजे एका जुन्या लुगड्यात दोन टेबलक्लॉथांचं पोट भरतं! पातेल्यासाठी खाली लाकडी पाट वेगळा ठेवावाच. इरकलीच्या गडद काठाचा रंग जातो का, ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून आधी पाहावं. टाके बोटभर अंतराने, साधा धावदोरा.

तर आजीच्या गोधडीतलं धोतर आणि दंडाचं लुगडं आता टेबलक्लॉथच्या मधे जाणार आहे. पिशवीचं कापड मी मागून घेतलं. अक्षरं आहेत त्यावर, ते दिसायला हवं.

माझ्या धाकट्या जाऊबाईंना मात्र हे पटलेलं नाही. त्या म्हणतात, "ताई, ते दिवस दारिद्र्याचे होते. ते टेबलावर कशाला मांडायचे? नवीन घाला की आत!" त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांनी थंडीत एका गोधडीत चार भावंडं झोपलेली पाहिली आहेत, त्यांना शहरातल्या दुकानांतून हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या गोधड्यांचं कौतुक का वाटावं? गरजेतून शिवलेल्या वस्तूला कला म्हटलं की गरज विसरली जाते, हेही खरं. पण मला वाटतं, मधला थर फेकून नवीन घातला तर ती जास्तच विसरली जाते. वर इरकलीचा काठ आणि आत कारखान्यातलं भरण, म्हणजे आजीची फक्त शोभा ठेवली आणि तिची काटकसर, तिचा हिशेब, ती दंडाची शिवण टाकून दिली. संग्रहालयांत पैठण्या जपून ठेवतात. गोधड्या तिथे फारशा पोचत नाहीत, कारण त्या झिजेपर्यंत वापरल्या जातात. कागदपत्रांत या बायकांची नावं नाहीत. सात-बाऱ्यावर नाहीत, कापसाच्या पावतीवर नाहीत. त्यांच्या हातचं जे काही उरलं आहे ते या थरांमध्ये आहे.

आमच्या अंकुशनगरला तर आता कापसापेक्षा उसाची ओळख मोठी. जायकवाडीचा डावा कालवा आला, समर्थ साखर कारखाना उभा राहिला, कारखान्याच्या भोवती वसाहत झाली आणि पऱ्हाटीच्या जागी ऊस दिसू लागला. दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर ऊसतोड कामगारांच्या गाड्या आणि ट्रॅक्टर येतात. कोयते, भांडी, धान्याची पोती, कोंबड्या, वर बसलेली लेकरं. आणि प्रत्येक बिऱ्हाडासोबत गोधड्यांचा एक गठ्ठा. मागच्या हंगामात सकाळी फिरायला गेले तेव्हा पाचटाच्या कोप्यांसमोर उन्हात टाकलेल्या गोधड्या पाहिल्या. एका बाईला विचारलं, "मावशी, मधे काय घातलंय ओ?" ती हसली. म्हणाली, "काय घालावं बाई, लेकीच्या शाळेची कापडं, माझ्या साड्या, अन् ह्यांची एक पँट."

शाळेचा गणवेश होता तो, बाहीच्या शिवणीवरून आणि विटक्या निळ्या रंगावरून ओळखू येत होता. लेक पुढे शाळेत गेली का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण हंगाम सुरू होता, तिला फडावर जायची घाई होती. पन्नास वर्षांनी कुणी ती गोधडी उसवली तर त्याला तो गणवेश मिळेल. तेव्हा त्याने तो टाकून देऊ नये, एवढंच वाटतं.

तुमच्याकडे जुनी गोधडी असेल तर एकदा कडेचे चार टाके उसवून आत डोकावून बघा. आणि तुमच्या भागात तिला काय म्हणतात, तेही जरूर कळवा.